पाड्यावरचे मूल आणि संघाची शंभर वर्षे

१९२६ साली भावनगरला स्थापन झालेला नूतन बाल शिक्षण संघ यंदा शंभर वर्षांचा होत आहे. संघाचा इतिहास लिहायचा म्हटले की गिजुभाई बधेका, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ही तीन नावे आधी डोळ्यांसमोर उभी राहतात, आणि ते योग्यच आहे. पण हा इतिहास एका प्रश्नाच्या अंगानेही वाचता येतो. डहाणू तालुक्यातल्या पाड्यावरचे मूल शाळेत का येत नाही? आले तर टिकत का नाही? आणि टिकले तरी अभ्यासात मागे का पडते? शंभरांपैकी ऐंशी वर्षे संघ याच प्रश्नाशी झगडत आला. एवढ्या वर्षांच्या कामातून एक गोष्ट पक्की झाली. मुलाच्या अभ्यासाचे दुखणे बहुतेक वेळा घरात असते: कडेवरच्या धाकट्या भावंडात, राखायच्या गुरांत, होळीनंतर तळ गाठणाऱ्या कणगीत. शाळेने त्याची सोय लावली की मगच पाटीवर अक्षर उमटू लागते. संघाचे लहानमोठे सगळे प्रयोग याच एका अनुभवाभोवती फिरत राहिले.

पहिले दशक (१९२६–१९३५): भावनगरचा पाया

संघ स्थापन झाला तेव्हाची देशातली शिक्षणाची स्थिती एका आकड्यावरून कळते. १९२२–२३ साली ब्रिटिश हिंदुस्थानात पहिलीत असलेल्या दर शंभर मुलांपैकी १९२५–२६ साली चौथीत पोहोचली फक्त १८. हार्टोग समितीने १९२९ मध्ये हा हिशेब मांडला आणि ‘गळती व स्थगिती’ हा शब्दप्रयोग शिक्षणखात्याच्या कागदोपत्री कायमचा रुजला.

गिजुभाई पेशाने वकील. मुलाच्या शिक्षणाच्या निमित्ताने त्यांच्या हाती बालशिक्षणतज्ज्ञ माँटेसोरीबाईंचे विचार आले आणि वकिली सुटली ती सुटलीच. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले. तीन वर्षांनी ताराबाई तिथे आल्या. त्यांचा जन्म १८९२ चा, मुंबईतल्या प्रार्थनासमाजी घरातला. १९१४ साली त्या बी.ए. झाल्या होत्या आणि राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्यपद त्यांनी सांभाळले होते. बढतीची वाट सोडून तीन-चार वर्षांच्या मुलांत जाऊन बसणे त्या काळी कुणाला शहाणपणाचे वाटले नसेल. या दोघांनी मिळून संघ उभा केला. ‘शिक्षणपत्रिका’ निघू लागली, बालशिक्षकांचे वर्ग भरू लागले, आणि माँटेसोरी पद्धतीला इथली गाणी, गोष्टी, सण आणि खेळ यांची जोड मिळाली. मारझोड न करता मूल शिकते, हे पालकांना पटवून देण्यातच या दशकाची बरीच शक्ती खर्ची पडली.

दुसरे दशक (१९३६–१९४५): दादरहून बोर्डीकडे

ताराबाई मुंबईला परतल्या आणि १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाले. त्याला जोडून बालशिक्षिका घडवण्याचे कामही आले. २३ जून १९३९ रोजी गिजुभाई गेले. त्याच वर्षाअखेर माँटेसोरीबाई हिंदुस्थानात आल्या. ज्यांचे विचार गिजुभाईंनी घरोघर पोहोचवले, त्या बाई इथे आल्या तेव्हा ते स्वतः नव्हते. संघाची धुरा आता ताराबाईंवर आली.

शिशुविहारात येणारी मुले मध्यमवर्गीय घरांतली होती. महागडी साधने, स्वच्छ गणवेश, डबा घेऊन पोचवायला येणारी आई, हे सारे खेड्यात कुठून आणायचे? बालशिक्षण हा सुखवस्तूंचा शौक आहे की गरिबाच्या मुलालाही ते देता येते, हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला आचार्य भिसे आणि त्यांचे सहकारी आदिवासींमध्ये काम करत होते. बाळासाहेब खेरांसारखे नेतेही त्या कामाच्या पाठीशी होते. तिथे जाऊन प्रयोग करून पाहायचा, असे ठरले.

तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या या उत्तर टोकाची अवस्था आजच्या वाचकाला खरी वाटणार नाही. जमीन सावकाराची आणि जंगल ठेकेदाराचे. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघेही सावकाराकडे राबत, त्यांना लग्नगडी म्हणत. वेठ तर पाचवीला पुजलेली. १९३०च्या दशकाच्या अखेरीस सिमिंग्टन यांच्या सरकारी अहवालाने या पिळवणुकीची नोंद केली होती. १९४५ साली गोदावरी परुळेकर आणि किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारली उठले आणि वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला. त्याच वर्षी, २४ डिसेंबर १९४५ रोजी, बोर्डीला संघाचे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. दोन कामांच्या वाटा निराळ्या होत्या, मात्र माणसे तीच होती. वेठीतून सुटू पाहणाऱ्या घरातलेच मूल संघाला बालवाडीत आणायचे होते.

त्याच वर्षी बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात ताराबाईंना अनुताई भेटल्या. अनुताई १९१० साली मोरगावला जन्मल्या. तेराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले आणि सहा महिन्यांतच वैधव्य आले. त्यानंतर शिक्षण, शिक्षिकेची नोकरी आणि पुण्याची हुजूरपागा. ती स्थिर नोकरी सोडून त्या बोर्डीला निघाल्या आणि परत फिरल्या नाहीत.

तिसरे दशक (१९४६–१९५५): बोर्डीचे अंगण

बालवाडी उघडली की मुले येतील, ही समजूत पहिल्या काही दिवसांतच गळून पडली. आली ती गावातल्या बऱ्या घरांतली. दलित वस्तीतली आणि पाड्यांवरची मुले दारात येऊन उभी राहत आणि तिथूनच परत जात. कारणे विचारत गेल्यावर उत्तरे साधी निघाली: अंगावर घालायला धड कपडा नाही, धाकट्याला कुणी सांभाळायचे, आई-बाप पहाटेच कामाला गेलेले, आणि शाळेत जाऊन खायला थोडेच मिळणार?

तेव्हा बालवाडीच उठून वस्तीत गेली. कुणाच्या तरी झोपडीपुढचे अंगण झाडून-सारवून घ्यायचे आणि तिथे दोन तास मुले जमवायची. गावात एक मध्यवर्ती बालवाडी आणि वस्तीवस्तीत अशा अंगणवाड्या, अशी दुहेरी रचना बोर्डीत आकाराला आली. सुरुवात धड्याने होत नसे. आधी बादली आणि तांब्या. नाक पुसायचे, नखे काढायची, केस विंचरायचे, खरूज असेल तिथे औषध लावायचे. आंघोळ घातलेले मूल पाहायला आया जमत, आणि दोन-चार दिवसांनी एखादी बाई आपल्या पोराला स्वतःच धुऊन आणी. पालकसभा म्हणायची ती हीच.

साधनांचा प्रश्न समुद्राने आणि जंगलाने सोडवला. परदेशी धाटणीच्या लाकडी ठोकळ्यांच्या जागी शिंपले, गोटे, चिंचोके, निरनिराळ्या आकारांची पाने, बांबूचे तुकडे आले. लहान-मोठे, खरखरीत-गुळगुळीत, जड-हलके हे सारे त्यातून शिकवता येई. खर्च नाही आणि मुलाच्या ओळखीचे. माँटेसोरीबाईंच्या शिकवणीचे मर्म राखून ताराबाईंनी तिचा खर्च पाड्याला परवडेल इथवर खाली आणला. शिक्षणक्षेत्राला संघाने दिलेले हे मोठे देणे आहे.

या दशकातल्या सेविका आणि मदतनीस बायांची नावे कागदोपत्री फारशी सापडत नाहीत. त्यांत काही जणी स्वतः नुकत्याच अक्षरे गिरवू लागलेल्या होत्या. पहाटे पाड्यावर जाऊन मुले गोळा करण्याचे काम त्यांच्याकडे असे. संघाची पहिली इमारत त्यांच्याच पायांवर उभी राहिली.

चौथे दशक (१९५६–१९६५): टेकडी, विकासवाडी आणि कुरणशाळा

१९५७ साली केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर आले. टेकडीवर गोखले एज्युकेशन सोसायटीची कृषी संस्था आधीपासून होती. भोवताली वारली, कोकणा, दुबळा, काथोडी समाजाचे पाडे. पश्चिमेला घोलवडच्या वाड्या आणि पलीकडे समुद्र. पाण्याची ओढाताण, कच्चा रस्ता, पावसाळ्यात तोही नाही. तरीही ताराबाई आणि अनुताईंनी टेकडीच निवडली, कारण पाडे इथून जवळ होते.

इथे प्राथमिक शाळेची गळती जवळून दिसू लागली. मुली पहिली-दुसरीतच थांबत, कारण धाकटे भावंड त्यांच्या कडेवर असे. त्यावर विकासवाडी निघाली. एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. मोठी बहीण धाकट्याला घेऊनच येई, त्याला पाळणाघरात ठेवी, मधल्याला बालवाडीत सोडी आणि स्वतः वर्गात बसे. मधल्या सुटीत ती भावंडांना पाहून जाई. आई निर्धास्त कामाला जाई. मुलीची हजेरी वाढवायला निराळा उपदेश करावा लागला नाही. बालवाडीतून पहिलीत गेलेले मूल शाळेला बुजत नाही, तिथेच रमते, हेही शिक्षकांनी याच आवारात रोज पाहिले.

मुलग्यांचा अडसर निराळा होता. सात-आठ वर्षांचा झाला की पोरगा गुरांमागे जाई. सकाळी निघे आणि दिवेलागणीला परते. त्याला शाळेत ये म्हणणे म्हणजे घरची मिळकत बुडव म्हणण्यासारखे होते. मग शिक्षक त्याच्या मागे कुरणात गेला. ही कुरणशाळा. झाडाखाली सावलीत मुले जमत, फळा फांदीला टांगला जाई, अक्षरे काठीने मातीत काढली जात. गणित गुरांवरून चाले: बारा जनावरे सोडली, चार ओढ्यापलीकडे गेली, तर इथे किती? मधेच एखादा उठून शेताकडे वळलेले वासरू हाकून आणी आणि पुन्हा येऊन बसे. झाडे, पाखरे, किडे, ढग हे विषय तर समोरच असत, आणि त्यांत बरेचदा विद्यार्थीच शिक्षकाला सांगत. दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्गही चालत.

शाळेची घंटा, सुट्या आणि जागा या गोष्टी मुलाच्या दिवसाप्रमाणे बदलता येतात, हे कुरणशाळेने दाखवले. राब भाजण्याच्या, आवणीच्या आणि कापणीच्या दिवसांत हजेरी पडते, म्हणून त्या दिवसांचा अभ्यास आधी उरकणे किंवा नंतर भरून काढणे हे शिक्षकांच्या अंगवळणी पडले.

या दशकात महाराष्ट्र राज्य झाले, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळांचे जाळे पाड्यांकडे सरकू लागले. त्याच वर्षी ताराबाईंना पद्मभूषण मिळाले.

पाचवे दशक (१९६६–१९७५): कामाचा विस्तार

टेकडीवरच्या अध्यापन मंदिरातून शिकलेल्या बालसेविका आता दूरदूर जाऊन बालवाड्या चालवू लागल्या. स्थानिक वस्तूंपासून साधने करणे, मुलाच्या बोलीत गोष्ट सांगणे आणि घरी जाऊन आईशी बोलणे, हे तीन धडे प्रत्येकीला गिरवावे लागत. घरात वारली आणि पुस्तकात प्रमाण मराठी, यामुळे पहिलीत बसलेले मूल गप्प राहते आणि गुरुजी त्याला मठ्ठ समजतात. सेविकेला मुलाची बोली येत असेल तर ही पहिली ठेच चुकते, असा इथला अनुभव होता.

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाईंचे निधन झाले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव गेली. बोर्डीच्या अंगणात रुजलेली कल्पना देशाने उचललेली पाहायला ताराबाईंना दोन वर्षे कमी पडली.

सहावे दशक (१९७६–१९८५): अनुताईंचा काळ

ताराबाईंनंतर सारा भार अनुताईंनी उचलला. बालवाडी आणि शाळेच्या जोडीला पाड्यावरच्या बायकांचे काम वाढले. घरातल्या बाईच्या हाती चार पैसे आणि थोडे बळ असेल तर मूल शाळेत टिकते, हे त्यांना रोज दिसत होते. दारू, सावकारी आणि अंधश्रद्धेपायी होणारे छळ यांविरुद्ध त्यांनी बायकांना उभे केले. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या त्यांच्या पुस्तकाने हे काम महाराष्ट्रभरच्या वाचकांना कळले.

१९८२ साली अनुताई आणि प्रा. रमेश पानसे यांच्या पुढाकाराने ‘ग्राममंगल’ ही संस्था निघाली आणि डहाणूच्या आतल्या भागात नव्या शैक्षणिक प्रयोगांची शाखा फुटली. १९८५ साली अनुताईंना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जमनालाल बजाज पुरस्कारही.

भावनगरहून निघताना, बोर्डी सोडताना, पुढे नव्या संस्था उभ्या राहताना कार्यकर्त्यांत मतभिन्नता झाली, तशी ती कुठल्याही जिवंत संस्थेत होते. त्या तपशिलात शिरण्याची ही जागा नव्हे. वाटा वेगळ्या झाल्या तरी सगळ्यांच्या कामाच्या मध्यभागी पाड्यावरचेच मूल राहिले.

सातवे आणि आठवे दशक (१९८६–२००५): भूक आणि स्थलांतर

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पूर्वप्राथमिक शिक्षणाला महत्त्व दिले. पटावरची संख्या वाढली. पण १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सबंध महाराष्ट्र हादरला. डहाणू आणि जव्हार शेजारी. पावसाळ्यात घरातले धान्य संपते, खावटी वेळेवर पोचत नाही, आणि आवणीच्या ऐन कामात आईला तान्ह्याकडे पाहायला सवड नसते. कुपोषणातून वाचलेले मूल पुढे पहिलीत येते तेव्हा मागे पडण्याचे बीज आधीच पेरलेले असते. बालवाडीत खाऊ का हवा, हे संघाला नव्याने सांगावे लागले नाही. १९९५ पासून सरकारी शालेय पोषण आहार योजना सुरू झाली. आधी धान्य आणि मग खिचडी आली तसा हजेरीला आधार मिळाला.

२७ सप्टेंबर १९९२ रोजी अनुताई गेल्या. सत्तेचाळीस वर्षे त्यांनी या मुलखाला दिली.

पुढचे मोठे आव्हान स्थलांतराचे. भाताची कापणी उरकली, दिवाळी झाली की कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर, रेतीच्या कामावर, गवतकापणीला जातात. पुरुष खलाशी म्हणून बोटींवर जातात. मूलही सोबत जाते आणि पावसाच्या तोंडावर परत येते. पट भरलेला आणि बाके रिकामी. जिल्ह्यात विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवर भोंगाशाळा काढल्या. कुरणशाळेचेच सूत्र तिथे नव्या परिस्थितीत उतरले होते.

नववे दशक (२००६–२०१५): हक्क कायद्यात आला

१ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत जागा देणे हे आता सरकारचे बंधनकारक कर्तव्य ठरले. आठवीपर्यंत नापास करणे थांबले, आणि गळतीचे जुने दृश्य पुष्कळ निवळले. त्या जागी दुसरा प्रश्न वर आला. मूल सहावीत बसते, पण दुसरीचा धडा सलग वाचताना अडखळते. पूर्वी मागे पडलेले मूल शाळा सोडून जाई. आता ते मागच्या बाकावर बसून राहते. शिवाय सहा वर्षांखालची मुले कायद्याच्या हक्काबाहेर राहिली, आणि संघाचे काम तर त्यांच्यापासूनच सुरू होते.

१ ऑगस्ट २०१४ रोजी आठ तालुक्यांचा पालघर जिल्हा झाला. मुख्यालय जवळ आले आणि पाठपुरावा थोडा सोपा झाला.

दहावे दशक (२०१६–२०२६): आजचे काम

२०१६ मध्ये घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळाले आणि वाड्यांचे नाव झाले, तरी वाडीत फळे तोडणाऱ्या हातांची मजुरी हंगामीच राहिली. तरुण बोईसर, उंबरगाव, वापीच्या कारखान्यांकडे जातात. वाढवणच्या बंदराला २०२४ मध्ये मंजुरी मिळाल्यापासून किनाऱ्यावरच्या पोटापाण्याचे गणितही बदलू घातले आहे.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. शहरात वर्ग मोबाईलवर गेले. पाड्यावर घरात एकच फोन, तो बापाच्या खिशात, आणि रेंज पकडायला टेकाड चढावे लागे. पाड्यावर जाऊन ओट्यावर चार-पाच मुले बसवण्याची जुनी रीत त्या काळात अनेक शिक्षकांच्या कामी आली. २०२२ च्या असर पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातली तिसरीतली जेमतेम २०.५ टक्के मुले दुसरीचा मजकूर वाचू शकली. २०१८ मध्ये हेच प्रमाण २७.३ टक्के होते, आणि २०२४ मध्ये ते पुन्हा जवळपास तिथवर आले. टाळेबंदीने हिरावलेले भरून निघाले, तरी चारांतली तीन मुले मागेच आहेत.

२०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला. बालवाडी आणि पहिली-दुसरी यांची सांधेजोड विकासवाडीच्या आवारात ६० वर्षांपूर्वीच झाली होती. आता ते सरकारचे धोरण आहे. संघाकडे त्याचा अनुभव आहे, आणि तो मागेल त्याला देणे हे आपले कर्तव्य आहे.

कोसबाडच्या टेकडीवर मुलांचे वर्ग आजही भरतात. आज शिकणाऱ्या काही मुलांच्या आज्या बोर्डीच्या आणि विकासवाडीच्या पहिल्या पिढ्यांतल्या आहेत. गिजुभाई, ताराबाई, अनुताई आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावणारे शिक्षक, सेविका, मदतनीस, अंगण देणाऱ्या पाड्यावरच्या बाया, देणगीदार, हितचिंतक या साऱ्यांचे संघावर ऋण आहे.

दुसऱ्या शतकात तीन कामे समोर दिसतात. स्थलांतरित कुटुंबांची नोंद दिवाळीआधीच घेऊन मुलांची हंगामी वसतिगृहात किंवा भट्टीजवळच्या शाळेत सोय लावणे. बालवाडीच्या सेविका पाड्यातूनच निवडणे आणि त्यांना मानाचे मानधन मिळवून देणे. आणि तिसरीअखेर प्रत्येक मूल आपला धडा स्वतः वाचते की नाही, हे दरवर्षी पालकांसमोर तपासणे. पहिल्या कामासाठी पाडावार याद्या हव्यात. ज्या माजी विद्यार्थ्यांना आपापल्या पाड्याची यादी करता येईल, त्यांनी कापणी सुरू होण्याआधी ती शाळेत आणून द्यावी.